मोठ्या बोअरची रायफल आणि मध्यम जनावर

या व्याख्यानमालेचे चालक आमच्याकडे आले तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय आपल्याला मिळणार, अशी त्यांची खात्री होती. आम्ही शिकारीच्या गोळीवर बोलतो म्हणालो. क्षणभर कोणी बोलेना. मग त्यांतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "दादा, तुम्ही आयुष्यात ससा तरी मारला आहे काय?" नाही मारला. आम्ही जनावरावर बंदूक उचललेली नाही, आणि आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंदच आहे; ती पुन्हा सुरू व्हावी असे आमचे म्हणणे नाही. तरीही जगाच्या काही भागांत ती कायद्याने चालते, तिच्यावर माणसांची पोटे चालतात, आणि त्या माणसांपैकी काहींच्या घरी आम्ही जेवलो आहोत. गोळीची निवड चुकली म्हणजे तिचा भार कोणावर पडतो हे आम्ही तेथे पाहिले. तेवढ्या अधिकारावर हे बोलणे आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण छापखान्यात झाले. खिळे जुळवता जुळवता शिसे म्हणजे काय ते आमच्या बोटांना कळले. नुसते शिसे नखाने ओरखडते. खाली पडले तर चेपते. खिळ्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असते, म्हणून तो पडला तर चेपण्याऐवजी कान तुटून निकामी होतो. मिश्रण थोडे इकडेतिकडे झाले की धातूचा स्वभाव बदलतो. बंदुकीच्या गोळीची सारी विद्या याच स्वभावावर उभी आहे, हे पुढे आम्हांला खडकीच्या एका निवृत्त कामगाराने शिकवले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांनी चहाच्या टेबलावर पेनाचे टोपण काढून आमच्यासमोर धरले. "हे बघा भाऊ," ते म्हणाले, "लष्करी गोळीचं कवच असं. बंद बाजू पुढे, उघडी बाजू मागे. शिसं मागून भरायचं." मग टोपण उलटे केले. "आणि शिकारीच्या मऊ गोळीचं असं. बंद बाजू मागे, उघडी बाजू पुढे. शिसं पुढून डोकावतं. एवढाच फरक." एवढाच फरक, पण त्या फरकावर एक आंतरराष्ट्रीय जाहीरनामा झालेला आहे. त्याकडे पुढे येऊ.

२०१८ च्या जुलैत एका कामगार परिषदेसाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेत गेलो होतो. परिषद संपल्यावर तिकडच्या एका सहकाऱ्यांनी आम्हांला लिंपोपो प्रांतात आपल्या भावाकडे नेले. हा भाऊ एका खाजगी शिकारी रानावर कातडी सोलण्याच्या शेडमध्ये काम करतो. त्या देशात कुंपणाच्या आतले जंगली जनावर जमीनमालकाच्या मालकीचे असू शकते. बाहेरून शिकारी येतात, जनावरामागे ठरलेले पैसे भरतात, शिंगे नेतात, आणि मांस बहुतेक तेथेच राहते. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, शिकारीचा हंगाम. रान झुडपांचे, काटेरी, नजर पन्नास-शंभर पावलांपलीकडे क्वचित जाणारे.

शेडमध्ये त्या दिवशी दोन इंपाला टांगलेले होते. इंपाला म्हणजे आपल्या चितळापेक्षा थोडे लहान हरीण. नर पन्नास ते पंच्याहत्तर किलोचा. दोन्ही एकाच पाहुण्याने, एकाच रायफलीने मारले होते. एकाच्या बरगडीत अलीकडे अंगठ्याएवढे भोक आणि पलीकडे रुपयापेक्षा थोडे मोठे. आतली फुप्फुसे गेलेली, बाकी सारे मांस स्वच्छ. दुसऱ्याचा पुढचा एक फरा संपूर्ण काळानिळा, रक्ताने थबथबलेला, हाडांच्या चुऱ्याने भरलेला. सोलणाऱ्या भावाने तो खांद्यापासून कापून बाजूच्या पाटीत टाकला. पहिल्याला जड गोळी लागली होती, दुसऱ्याला हलकी. ऐकणाऱ्याला वाटेल, उलट सांगताय. नाही, हलक्या गोळीनेच नास केला होता.

रायफल होती थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९१२ साली काढलेले हे काडतूस. नळीचा व्यास ०.३७५ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आफ्रिकेतील कित्येक देशांत रानरेडा, सिंह, हत्ती अशा जनावरांसाठी कायद्याने किंवा रिवाजाने याहून लहान बोअर चालत नाही. त्यामुळे रेड्याच्या ओढीने आलेला माणूस हीच रायफल आणतो, आणि रेडा मिळो न मिळो, उरलेल्या दिवसांत तिनेच इंपाला, रानडुक्कर, कुडू मारतो. एवढ्याशा हरणासाठी एवढी तोफ कशाला, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. दोन रायफली विमानाने नेण्याचा खर्च आणि कागदपत्रे हे एक उत्तर. ज्या रानात रेडाही आहे तेथे हातात मोठी रायफल असलेली बरी, हे दुसरे. तेव्हा रायफल ठरलेली आहे. हातात उरते ती फक्त गोळीची निवड.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराकडे उठबस असलेल्यांना हे माप परके नाही: जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. या रायफलीच्या तीन गोळ्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. ३०० ग्रेनची म्हणजे एक तोळा आठ मासे. २७० ग्रेनची म्हणजे दीड तोळा. आणि २३५ ग्रेनची, सव्वा तोळ्याहून किंचित जास्त. जड गोळी नळीतून निघते ती सेकंदाला सुमारे ७७० मीटरने, मधली ८२० ने, हलकी साडेआठशेच्या आसपास.

आता एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे, कारण सिनेमाने तो आपल्या सर्वांच्या डोक्यात घातला आहे. मोठी गोळी लागली की जनावर धक्क्याने उडून पडते, असे आपण समजतो. हिशेब करून पाहू. ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. त्याला ७७० मीटरने गुणले तर जो धक्का येतो, तो साठ किलोच्या इंपालाला सेकंदाला पाव मीटर वेगाने सरकवील. रांगते मूल याहून जलद जाते. तोच धक्का उलट दिशेने बंदूक झाडणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो, आणि तो काही उडून पडत नाही. मग जनावर मरते कशाने? हृदय, फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्याने, रक्त वाहून गेल्याने. किंवा मेंदू आणि कणा तुटल्याने. गोळीचे काम धक्का देण्याचे नाही, फाडण्याचे आहे. आणि ते फाडणे योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत व्हावे लागते.

ते कसे होते? मऊ नाकाची गोळी मांसात शिरली की पुढच्या शिशावर प्रचंड दाब येतो, शिसे मागे दबते, कवच फाटून पाकळ्यांसारखे उलटते, आणि साडेनऊ मिलिमीटरची गोळी दीडपट-दुप्पट रुंद होऊन पुढे जाते. ही उमललेली गोळी रुंद वाट फाडते. पण रुंद झाली म्हणून ती लवकर थांबतेही. न उमलणारी गोळी लांब जाते आणि बारीक वाट पाडते. साऱ्या निवडीची रस्सीखेच या दोन गोष्टींत आहे: किती उमलायचे आणि किती खोल जायचे.

आता दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हे ध्यानात घ्या. वेग पाऊणपट झाला तर दाब निम्म्याहून थोडा अधिक एवढाच उरतो. म्हणून जी गोळी पन्नास पावलांवर स्फोटासारखी फुटते, तीच दोनशे पावलांवर शांतपणे उमलते. उलटे सांगायचे तर हलकी गोळी वेगाने निघते, तिच्या नाकावर दाब अधिक येतो, तिचे कवच पातळ असेल तर जवळच्या जनावरात ती वरवरच फुटून तुकडे तुकडे होते. शेडमधल्या दुसऱ्या इंपालाचे हेच झाले होते. चाळीस पावलांवरून मारलेली २३५ ग्रेनची साधी मऊ गोळी खांद्याच्या हाडावर आपटली आणि विखुरली. जनावर जागच्या जागी पडले, हे खरे. पाहुणा खूष होता. पाटीतला फरा त्याला दाखवायला कोणी नेला नाही.

३०० ग्रेनच्या साध्या मऊ गोळीने मात्र, तिचा वेग बेताचा आणि वजन भरपूर असल्याने, बरगड्या भेदल्या, मध्यम उमलली आणि पलीकडून निघून गेली. आफ्रिकेतले जुने शिकारी थ्री-सेव्हन्टी-फाइव्हबद्दल म्हणतात की भोकापर्यंतचे मांस खाता येते. लहान बोअरच्या अतिवेगवान रायफली याहून जास्त मांस नासवतात, ही गोष्ट आम्हांलाही प्रथम खोटी वाटली होती.

मग जितकी जड आणि टणक तितकी चांगली, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर त्याच रानात मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका दुसऱ्या पाहुण्याने कुडूवर गोळी झाडली. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचे मोठे हरीण, नर दोनशे ते अडीचशे किलोचा, आपल्या सांबराच्या तोलाचा. पाहुणा आदल्या आठवड्यात दुसरीकडे रेड्याच्या शिकारीला गेला होता आणि रायफलीत रेड्यासाठीच्या भरीव गोळ्या तशाच राहिल्या होत्या. त्यांना तिकडे सॉलिड म्हणतात. हत्तीच्या कवटीतून किंवा रेड्याच्या जाड हाडांतून सरळ जावी म्हणून ही गोळी मुद्दाम अशी करतात की काही झाले तरी तिचा आकार बदलू नये. कुडूच्या छातीत ती थोडी मागे, फुप्फुसांच्या कडेला लागली, बोटभर भोक पाडून पलीकडे गेली. कुडू दचकलाही नाही. वळला आणि झुडपात नाहीसा झाला. जमिनीवर रक्ताचे तीन थेंब.

माग काढणारे दोघे होते. त्यांतला थोरला साठीच्या घरातला. पाहुणा गाडीत बसून राहिला, कारण त्याच्या गुडघ्याला त्रास होता. ते दोघे काट्यांतून निघाले, आम्ही काही अंतर त्यांच्यामागे गेलो आणि मग दम लागून परतलो. अंधार पडल्यावर ते आले, हातपाय ओरबाडलेले. पहाटे पुन्हा गेले. कुडू जवळजवळ तीन किलोमीटरवर सापडला. रात्री केव्हातरी मेलेला, मागचा भाग कोल्ह्यांनी खाल्लेला, मांस टाकून देण्याच्या लायकीचे. पाहुण्याने पैसे भरले. जखमी झालेले जनावर मेलेच असे धरून पैसे घेण्याचा तिकडे सर्वत्र रिवाज आहे, आणि तो न्याय्यही आहे. मालकाला पैसे मिळाले, पाहुण्याला शिंगे मिळाली. त्या दोघांच्या सहा-सात तासांची नोंद कोठे झाली, असे आम्ही सवयीने विचारले. सोलणारा भाऊ नुसता हसला. त्या जनावराने ती रात्र कशी काढली, याचा हिशेब तर कोणत्याच रजिस्टरात नसतो.

येथे प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे. गोळी चार बोटे पुढे लागती तर सॉलिडनेही कुडू शंभर पावलांत पडला असता. नेमाची चूक गोळीने भरून निघत नाही. पण मऊ, उमलणारी गोळी त्याच जागी लागती तर वाट रुंद पडली असती, रक्ताचा माग ठळक राहिला असता आणि म्हाताऱ्याचे पाय वाचले असते. शिवाय सॉलिडचा दुसरा धोका आहे. इंपाला कळपाने असतात. एकातून निघालेली गोळी मागच्याला लागते. मागे कोण आहे हे झाडणाऱ्याला दिसलेलेही नसते. मागे गुराखी असू शकतो.

रेड्यासाठीच अतिकठीण बांधणीच्या मऊ गोळ्याही मिळतात. नाव मऊ, पण कवच इतके जाड की भरपूर मांस आणि हाडाचा अडथळा मिळाल्याशिवाय त्या नीट उलगडत नाहीत. इंपालाची छाती किती? वीतभर. तेवढे अंतर गोळी सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी तीन भागांत ओलांडते. उमलायला तिला ना वेळ मिळतो ना अडथळा. म्हणजे व्यवहारात तीही सॉलिडच झाली.

उलट टोकाची गोष्ट अमेरिकेत घडली. जॉन नॉस्लर नावाचा शिकारी १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीला गेला. त्याच्या गोळ्या इतक्या ठिसूळ निघाल्या की चिखल वाळून ढाल झालेल्या कातड्यावर वरवरच फुटू लागल्या. घरी येऊन त्याने तांब्याच्या मिश्रधातूच्या दांड्यातून अशी गोळी कातली की मध्ये एक पडदा राहील. पडद्यापुढचे शिसे उमलावे, मागचे शाबूत राहून आत ढकलत जावे. १९४८ साली त्याने ती विकायला काढली. हीच पुढे पार्टिशन नावाने जगभर गेली. त्यानंतर शिसे आणि कवच एकमेकांना डाख दिल्यासारखे जोडलेल्या गोळ्या आल्या, ज्या उमलतात पण विखुरत नाहीत. कुडूच्या मापाच्या जनावराला, विशेषतः तो तिरपा उभा असून गोळीला पोटाकडून छातीत जायचे असेल तर, या जातीची गोळी आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते. इंपाला आडवा उभा असेल तर साधी स्वस्त मऊ गोळी पुरे; तिच्यावर जास्त पैसे घालणे म्हणजे दुकानदाराची सोय.

आता त्या उलट्या टोपणाकडे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार आली की नव्या बारीक बोअरची पूर्ण कवचाची गोळी शत्रूच्या अंगातून आरपार जाते आणि तो थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने गोळीच्या टोकावरचे कवच थोडे कमी केले. ती सरहद्दीवरील टोळ्यांवर वापरली गेली आणि 'दमदम' हे नाव जगातल्या सर्व भाषांत गेले. २९ जुलै १८९९ रोजी हेग येथे जाहीरनामा झाला: शरीरात सहज पसरणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरू नये. ब्रिटनने तेव्हा विरोध केला आणि १९०७ साली तो मान्य केला. इकडे इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१ च्या हरणांच्या कायद्यात नेमके उलट आहे: हरणावर मऊ किंवा पोकळ नाकाचीच गोळी झाडली पाहिजे, दुसरी झाडणे गुन्हा. माणसावर बंदी, हरणावर सक्ती. हे ऐकून पुष्कळ जण चमकतात, पण दोन्हींमागचा विचार एकाच गोष्टीवरून निघतो. युद्धात सैनिक लढण्यास असमर्थ झाला की पुरे, त्याला विनाकारण फाडू नये. शिकारीत मरण ठरलेलेच आहे, ते लवकर यावे. आणि म्हणूनच लष्करी गोळी स्वस्तात मिळाली तरी हरणाला चालत नाही. तिचे टोक घासून घरगुती दमदम करणारे महाभाग आहेत. पण लष्करी कवच मागून आधीच उघडे असते. पुढूनही उघडे केले की आतले शिसे नळीतून निसटून कवच आतच अडकू शकते, आणि पुढच्या बाराला नळी फुटते.

शिशाबद्दल बोलल्याशिवाय आम्हांला हा विषय संपवता येणार नाही, कारण आमचे निम्मे आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेले. बॅटरीच्या एका लहान कारखान्यात मनगटे लुळी पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. हिरड्यांवर निळसर रेघ, पोटात कळा, आणि मालकाचा डॉक्टर म्हणतो गॅस झाला आहे. शरीरात शिरलेले शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे झिरपत राहते. मुलांना ते थोडेसेही सोसत नाही. शिशाची मऊ गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेच्या भोवती वीतभर, कधी त्याहून दूर पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणात दिसतात. २००८ साली अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि आरोग्य खात्याने तो वाटू नका म्हणून सांगितले. कॅलिफोर्नियात काँडर नावाचे प्रचंड गिधाड १९८२ साली फक्त बावीस उरले होते. शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन होणारी शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले. त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. गिधाडांचे दुखणे आपल्याला नवे नाही. आपली गिधाडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गेली.

आणि त्या पाटीतला काळानिळा फरा? आम्ही विचारले, त्याचे काय होणार. धुऊन, वाईट वाईट कापून, उरलेले कामगारांच्या वस्तीत जाईल, असे उत्तर मिळाले. चांगल्या मांसाचे धने, मीठ आणि व्हिनेगर लावून वाळवलेले बिल्टाँग होते, ते बाजारात जाते. म्हणजे गोळी जितकी वाईट फुटेल, तितके शिशाने भरलेले मांस वस्तीच्या वाट्याला अधिक. त्या रात्री आम्ही तेथेच जेवलो. आम्ही शाकाहारी नाही. पण त्या दिवशी भाजी-भाकरीसारखे जे होते ते खाल्ले आणि यजमानांना कारण सांगितले. सोलणाऱ्या भावाच्या बायकोने ताट हातात तसेच धरून पुष्कळ प्रश्न विचारले. नवऱ्याला एकही विचारू दिला नाही.

शिशाला उत्तर म्हणून निव्वळ तांब्याची गोळी आहे. अमेरिकेतील बार्न्स कंपनीने १९८९ साली ती बाजारात आणली: नाकात पोकळी, आत मांस शिरले की चार पाकळ्या उलटतात, वजन जवळपास सगळे टिकते, चुरा होत नाही. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात जागा खाते. म्हणून तांब्यात वजन एक पायरी खाली उतरावे. शिशात ज्या २३५ ग्रेनच्या गोळीने फरा नासवला, त्याच वजनाची तांब्याची गोळी इंपाला आणि कुडू दोघांनाही उत्तम चालते, कारण ती फुटत नाही. तिची मागणी एकच: पुरेसा वेग. सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरच्या खाली ती उमलायला कुरकुरते. पण झुडपांच्या रानात शंभर पावलांवर हा प्रश्नच येत नाही. ती महाग आहे, हे खरे. मात्र हजारो रुपये मोजून एका जनावराची शिकार करणाऱ्याने गोळीच्या किमतीबद्दल कुरकूर करावी हे आम्हांला पटत नाही. जुन्या शिकाऱ्यांना ती आवडत नाही. जुन्या जुळाऱ्यांना संगणकही आवडला नव्हता, त्यांत आम्हीही होतो.

कोणतीही गोळी घेतली तरी ती त्याच रायफलीतून निशाणावर झाडून पाहावीच लागते. वजन बदलले की गोळी वेगळ्या जागी लागते. दोनशे पावलांवर बरोबर बसवलेली ३०० ग्रेनची गोळी तीनशे पावलांवर वीतभर तरी खाली जाते, आणि वीतभर म्हणजे इंपालाच्या छातीऐवजी पाय.

निघण्याच्या आदल्या सकाळी सोलणाऱ्या भावाने मालकाच्या परवानगीने एक खटाटोप केला. आम्ही छापखान्यातले, हे त्याला कळले होते. त्याने जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पिंपात भिजत ठेवले, सकाळी खोक्यांत घट्ट भरून एकामागे एक मांडले. ओला कागद मांसाचे बऱ्यापैकी काम देतो. शिकारी मार्गदर्शकाने पन्नास पावलांवरून चार बार काढले. मग आम्ही सारे बाह्या सारून लगदा उपसू लागलो. २३५ ची शिशाची गोळी पहिल्याच खोक्यात होती; कवच एकीकडे, शिशाचे तुकडे मातृभाषेत नसलेल्या मथळ्यांतून विखुरलेले. ३०० ची साधी मऊ गोळी दुसऱ्या खोक्याच्या शेवटी, टोपी उलटलेल्या अळंबीसारखी. तांब्याची तिसऱ्या खोक्यात, चारही पाकळ्या शाबूत. सॉलिड कुठेच नव्हती. चारही खोकी भेदून ती मागच्या वारुळात शिरली होती. माग काढणारा म्हातारा बाजूला उभा राहून पाहत होता. तो वारुळापाशी गेला, भोकात काठी घालून खोली मोजली आणि काठीवर अंगठा धरून ती पाहुण्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.